हा घोडा कुणी रंगवला?

पर्वतीच्या पायथ्याशी आमचा रात्रीचा वर्ग भरतो. परवा वर्गातल्या एका बाई आपल्या मुलीचे इंग्रजी अक्षरांचे पुस्तक घेऊन आल्या. शेवटच्या पानावर झेड हे अक्षर होते आणि शेजारी एका जनावराचे चित्र. अंगाने घोड्यासारखे, कान गाढवाचे आणि नाकापासून शेपटीपर्यंत काळे-पांढरे पट्टे. बाईंनी विचारले, "गुरुजी, हा घोडा कुणी रंगवला हो?"

वर्ग हसला. आम्हाला काही हसू आले नाही. कारण हाच प्रश्न चारशे वर्षांपूर्वी मोगल दरबारातल्या शहाण्यासुरत्या लोकांना पडला होता. सन १६२१ मध्ये जहांगीर बादशहापुढे असेच एक जनावर आणले गेले. ते हबशांच्या देशातून, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूने आले होते. जहांगीर मोठा चौकस माणूस. नवीन पशुपक्षी दिसला की त्याची टिपणे ठेवी आणि चित्र काढून घेई. दरबारातल्या काहींना वाटले, व्यापाऱ्याने गाढवावर रंग चढवून बादशहाला फसवले. मग नीट तपास झाला. रंग निघेना. तेव्हा पटले, की हे देवाघरचेच रंगकाम आहे. बादशहाचा चित्रकार मन्सूर याने त्याचे चित्र काढले. ते आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तेव्हा बाई, तुमची शंका बादशाही आहे!

त्या जनावराचे नाव झेब्रा. ते आफ्रिका खंडात राहते. घोडा आणि गाढव यांच्याच कुळातले आहे, पण माणसाच्या हाती कधी नीट लागले नाही. कुणी कुणी त्याला गाडीला जुंपून पाहिले. गाडी चार दिवस चालली असेल, पण घोड्यासारखा झेब्रा काही माणसाळला नाही.

पट्टे काही आपल्याला नवे नाहीत. खारीच्या पाठीवर ते असतात. सासवड-इंदापूरच्या माळावर तरस हिंडते, त्याच्या अंगावर असतात. आणि वाघ तर पुण्याच्या मुलांनी आधी पेशवे पार्कात पाहिला आणि १९९९ नंतर कात्रजच्या उद्यानात. पण वाघाचे पट्टे आणि झेब्र्याचे पट्टे यांत एक मोठा फरक आहे. वाघाचे केस भादरले तरी खाली कातडीवर पट्टे दिसतात. झेब्र्याचे केस भादरले तर? खाली सगळी कातडी काळी! पट्ट्याचे नाव नाही.

म्हणजे झेब्रा हा पांढऱ्यावर काळे पट्टे ओढलेला नव्हे. तो काळ्यावर पांढरे पट्टे ओढलेला आहे. रस्ता ओलांडण्यासाठी चौकात पांढरे पट्टे मारतात ना, त्याला झेब्रा क्रॉसिंग म्हणतात. ही पद्धत ब्रिटनमध्ये १९५१ मध्ये सुरू झाली. डांबर काळे, त्यावर पट्टे पांढरे. नाव ठेवणाऱ्याने झेब्र्याची कातडी तपासली नसेल, पण नाव अगदी बरोबर पडले. (मोटारवाल्यांनी त्या पट्ट्यांचा मान ठेवावा ही गोष्ट वेगळी. ती आपल्या शहरात अजून व्हायची आहे.)

आता काळ्या कातडीतून पांढरा केस येतो कसा? त्यात नवल नाही. आपल्या डोक्याकडे पाहा. केस कातडीतल्या मुळातून उगवतो. त्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. पेशी म्हणजे शरीराचा नुसत्या डोळ्यांनी न दिसणारा बारीक कण. त्या पेशी वाढत्या केसात रंग भरतात, म्हणून तो काळा दिसतो. वय झाले की रंग भरणे थांबते आणि केस पांढरा येतो. डोक्याची कातडी मात्र होती तशीच राहते. झेब्र्याच्या अंगावर हेच पट्ट्यापट्ट्याने होते. एका पट्ट्यात रंग भरला जातो, शेजारच्यात भरलाच जात नाही. फरक एवढाच, की हे म्हातारपणी होत नाही, जन्माच्या आधीच ठरते.

ते कसे, हे एका फुग्यावर करून बघा. न फुगवलेल्या फुग्यावर पेनाने चार रेघा ओढा आणि मग फुगा फुगवा. रेघा रुंद होतात, त्यांच्यामधले अंतरही वाढते. दुसरा फुगा आधी थोडा फुगवा आणि त्यावर तेवढ्याच अंतराने रेघा ओढा. त्याच्यावर जास्त रेघा बसतील, आणि तो पुरा फुगवल्यावर त्या पहिल्यापेक्षा बारीक राहतील. झेब्र्याच्या पोटातले पिल्लू अगदी लहान असते तेव्हाच पट्ट्यांची आखणी होते. झेब्र्याच्या तीन जाती आहेत. माळावरच्या झेब्र्याचे पट्टे रुंद आणि थोडे, तर ग्रेव्ही नावाच्या जातीचे बारीक आणि पुष्कळ. एका जातीत आखणी लवकर होते, दुसरीत थोडी उशिरा, असे याचे कारण एका ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडले. आमच्या फुग्यांचा हिशेब त्याचाच.

आणि कोणत्याही दोन झेब्र्यांचे पट्टे सारखे नसतात. आपल्यातले पुष्कळ जण काल-परवापर्यंत कागदावर अंगठा उठवत होते. का बरे? कारण एकाच्या अंगठ्याच्या रेघा दुसऱ्याशी जुळत नाहीत. झेब्र्याचा सगळा देहच त्याचा अंगठा आहे म्हणा. जंगलात अभ्यास करणारे लोक फोटो काढतात आणि पट्ट्यांवरून एकेक जनावर ओळखतात.

इथवर रंग कसा होतो ते झाले. पण कशासाठी? खरी चुरस या प्रश्नावर आहे. दीडशे वर्षे विद्वान यावर भांडत आले आहेत. कुणी म्हणाले, गवतात लपायला. कुणी म्हणाले, कळपाचे पट्टे एकमेकांत मिसळले की सिंहाला कोणता धरावा ते कळत नाही. कुणी म्हणाले, उन्हात अंग थंड राहायला. लपण्याची गोष्ट ऐकायला बरी वाटते. पण २०१६ मध्ये काही शास्त्रज्ञांनी सिंहाच्या नजरेचा हिशेब मांडला. भर दिवसासुद्धा सुमारे पन्नास मीटरच्या पलीकडून सिंहाला हे पट्टे वेगळे दिसतच नाहीत. त्याला एक करडे जनावर दिसते. मग पट्टे असले काय, नसले काय. आणि त्याहून जवळ आलेल्या सिंहाला झेब्र्याचा वास आणि चाहूल आधीच लागलेली असते.

मग पट्टे कुणाला फसवतात? माशीला.

घरातली साधी माशी नव्हे. गुरांना चावते ती मोठी माशी, जिला आपण गोमाशी म्हणतो. ज्यांनी गुरे राखली आहेत त्यांना ती सांगायला नको. तिच्या तोंडाला सुऱ्यांसारखी धार असते. ती कातडी कापते आणि वर आलेले रक्त पिते. रक्त पिते ती मादीच. बैल शेपटी झाडतो, पाय आपटतो, कातडी थरथरवतो, तो तिच्यासाठी. सन २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी नकाशे ताडून पाहिले. घोड्याच्या कुळातली पट्टेवाली जनावरे कुठे राहतात आणि चावऱ्या माश्या कुठे जास्त आहेत? दोन्ही नकाशे जुळले. पुढे २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये याची परीक्षा झाली. तिथे घोडे आणि झेब्रे दोन्ही असलेल्या ठिकाणी माश्या मोजल्या. माश्या दोघांभोवती सारख्याच घोंगावत. पण घोड्यावर चार बसल्या तर झेब्र्यावर एखादीच बसे. मग त्यांनी घोड्यांनाच झुली घातल्या : एक काळी, एक पांढरी, एक पट्ट्यांची. पट्ट्यांच्या झुलीवर माश्या फार थोड्या बसल्या. डोके मात्र सगळ्याच घोड्यांचे उघडे होते. तिथे पट्टेही नव्हते आणि फरकही नव्हता.

माशी जवळ येते, पण तिला नीट उतरता येत नाही. वेग कमी करायच्या वेळी तो होत नाही, आणि ती अंगावर आपटते किंवा तशीच पुढे निघून जाते. हे नेमके कशामुळे, यावर अजून एकमत नाही. पण माशी चुकते, हे मोजून झाले आहे.

"एका माशीसाठी एवढे?" असे वर्गात कुणीतरी म्हणालेच. त्याला आमच्याआधी मागच्या बाकावरून उत्तर आले. आमच्या वर्गातल्या एका गृहस्थांचा बैल गावाकडे गेला होता. आधी ताप, मग डोळ्यांतून पाणी, मग खाणे असून वाळत चालला, आणि शेवटी एका जागी गोल गोल फिरू लागला. घरच्यांनी नजर लागली म्हणून उतरून टाकले. चार दिवस त्यात गेले आणि बैलही गेला. ढोरांच्या डॉक्टरांनी मागाहून सांगितले, हा सर्रा असावा.

सर्रा हा रक्तात होणाऱ्या एका सूक्ष्म जंतूचा रोग आहे. हा जंतू १८८० मध्ये ग्रिफिथ एव्हान्स या डॉक्टराने त्या वेळच्या पंजाबात घोड्या-उंटांच्या रक्तात पाहिला. गोमाशी आजारी जनावराचे रक्त पीत असते, ते शेपटी मारते, ती उडते आणि अर्ध्या पोटी शेजारच्या जनावरावर बसते. तोंडाला लागलेले रक्त तिथे पोचते, रोगही पोचतो. ही माशी पाण्याकाठी, ओल्या चिखलाशी अंडी घालते, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर तिचा जोर. आफ्रिकेतल्या माश्याही असेच रोग पसरवतात. तेव्हा एका माशीचे चुकणे म्हणजे काय, ते आता ध्यानात येईल.

हा रोग सहसा माणसाला होत नाही. आपल्या रक्तात त्या जंतूला मारणारा एक घटक असतो. पण आपल्याच महाराष्ट्रात, चंद्रपूर जिल्ह्यात, २००४ मध्ये एका शेतकऱ्याच्या रक्तात हा जंतू सापडला. वारंवार ताप येई. तपासणीत कळले, की त्यांच्या रक्तात तो घटकच नव्हता. भारतात माणसाला हा रोग झाल्याची ही पहिली नोंद. औषध मिळाले आणि ते बरे झाले. गावातल्या इतरांचे रक्त तपासले, त्यात कुणाच्याही रक्तात जंतू आढळला नाही. तेव्हा घाबरून जायचे कारण नाही. पण जनावर तापले, वाळू लागले, चक्कर घेऊ लागले, तर नजर उतरत बसू नका. लगेच डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. सर्र्यावर औषध आहे, वेळेवर टोचले तर गुण येतो.

आता एक मौज ऐका. जपानच्या शास्त्रज्ञांनी विचार केला, पट्टे झेब्र्याला कामी येतात तर गाईला का नाही? त्यांनी सहा काळ्या गाई घेतल्या. कधी त्यांच्या अंगावर पांढरे पट्टे रंगवले, कधी काळ्यावर काळेच पट्टे, कधी काहीच नाही. मग माश्या मोजल्या. पांढरे पट्टे होते तेव्हा माश्या निम्म्याहून कमी बसल्या. काळ्या पट्ट्यांनी तेवढा फरक पडला नाही, म्हणजे गुण रंगाच्या वासाचा नव्हता, पट्ट्यांचा होता. हे २०१९ मध्ये छापून आले. आणि २०२५ मध्ये त्यांना एक गंमतीचे बक्षीस मिळाले. आधी हसू येते आणि मग विचार करावासा वाटतो, अशा संशोधनाला ते देतात.

हे सांगताच वर्गात एकच गलका झाला. पोळ्याला बैल रंगवणारी आपण माणसे! बैलाला न्हाऊ घालायचे, शिंगे रंगवायची, अंगावर गेरूचे ठिपके आणि हाताचे पंजे उठवायचे, झूल घालायची. कुणी बेंदराला करतो, कुणी श्रावणी अमावास्येला, कुणी भादव्यात. म्हणजे ऐन माश्यांच्या दिवसांत! "मग गुरुजी, ठिपक्यांऐवजी पट्टेच ओढू की!" असे एक जण म्हणाले.

ओढा, काही हरकत नाही. पण दोन गोष्टी सांभाळा. जनावर अंग चाटते, म्हणून दारा-खिडक्यांचा तेलाचा रंग लावू नका. आणि भिंतीचा चुना तर मुळीच नको, तो कातडीला भाजतो. जपान्यांनी पाण्यात कालवायचा रंग वापरला होता, आणि तो थोड्या दिवसांत निघून जात होता. आपल्याकडच्या पावसात तो सकाळचा संध्याकाळपर्यंत तरी टिकेल का? शिवाय पांढऱ्या खिलारी बैलावर काळे पट्टे चालतील का, हे कुणी मोजलेले आमच्या पाहण्यात नाही. जपानी गाई काळ्या होत्या. तोवर गोठ्यात चिखल साचू न देणे, शेण लांब टाकणे, तिन्हीसांजेला कडुलिंबाच्या पाल्याची धुरी करणे, हे चालू ठेवा.

पुस्तक आणलेल्या बाईंच्या घरी म्हैस आहे. त्यांनी विचारले, "आमची म्हैस काळीच आहे. तिला पट्टे ओढू का?" आम्ही म्हटले, ओढून पाहा. पण म्हैस ते ठेवेल असे वाटत नाही. ती दुपारी डबक्यात बसते आणि अंगभर चिखल थापून बाहेर येते. तो वाळला की माशीचे तोंड त्यातून कातडीपर्यंत पोचत नाही.