गाडीआधी सांगाडा

घरच्या वेल्डिंग मशीनने जुनी मोटार जिवंत करायची असेल, तर पहिले टाके मोटारीला नव्हे, तिला पेलणाऱ्या साधनांना पडले पाहिजेत.

कोलाड हे मोटारी रेल्वेत चढवणारे गाव. कोकण रेल्वेने 1999 मध्ये मालट्रक वाघिणींवरून नेणारी रो-रो सेवा इथून सुरू केली. ऑगस्ट 2025 मध्ये, गणपतीच्या तोंडावर, कोलाड ते गोव्यातले वेर्णा अशी खासगी मोटारींसाठीही ती सुरू झाली. चालत्या गाड्यांची अशी सोय झाली. या पट्ट्यातल्या जुन्या गाड्यांचे दैव मात्र वेगळे. घरामागच्या पडवीत ताडपत्रीखाली कुणाची प्रीमियर पद्मिनी उभी असते, कुणाची शेतावर राबलेली महिंद्रा जीप. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये कायमची गेली. तेव्हापासून घरची पद्मिनी भंगारात द्यायची नाही, असे ठरवणारे वाढले असतील तर नवल नाही. इन्व्हर्टरचे छोटे वेल्डिंग मशीन हल्ली घरगुती मिक्सरपेक्षा फारसे मोठे नसते. ते आणले जाते आणि पहिल्याच रविवारी गाडीच्या सडलेल्या फ्लोअरवर टेकवले जाते. पत्र्याला भोके पडतात आणि उत्साह तिथेच संपतो. दोष माणसाचा नसतो, क्रमाचा असतो.

गंज खालून येतो

कोकणातला पाऊस, खारी हवा आणि चिखल यांचा मारा गाडीवर खालून होतो. दारांखालच्या पोकळ सिलमध्ये, चाकांच्या कमानीत आणि फ्लोअरच्या कडांना ओली माती साचते आणि वर्षानुवर्षे वाळतच नाही. जीपला वेगळी चासी असते, त्यामुळे तिची बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. पद्मिनीचे तसे नाही. तिची बॉडी हीच तिची चासी, म्हणजे सिल गंजली की गाडीचा कणाच गंजला. हा गंज खरवडायचा तर माणसाला गाडीखाली पाठीवर झोपून, डोळ्यांत पडणारा भुगा झेलत काम करावे लागते. उलट्या हाताने धरलेला टाका कसलेल्या वेल्डरलाही अवघड जातो, नवख्याची काय कथा! म्हणून जगभरचे जुन्या गाड्यांचे कारागीर बॉडी फिरत्या सांगाड्यावर चढवतात आणि खालची बाजू स्वतःसमोर आणून उभ्याने काम करतात.

हा सांगाडा घरी बनवता येतो. त्याला लागतो 50 बाय 50 चा, 3 मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप. गाडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. 2.5 मिलिमीटरच्या वेल्डिंग रॉडला पेटते राहायला साठ अँपिअरच्या आसपास करंट लागतो आणि तेवढ्या करंटने हा पत्रा वितळून जातो. त्याला 0.8 मिलिमीटर तारेचे मिग मशीन लागते, नाहीतर मुरलेल्या हाताचे गॅस वेल्डिंग. तीन मिलिमीटरचा पाइप मात्र नवख्या हाताच्या चुका पोटात घालतो. साधने बनवताना हात तयार होतो आणि तयार हात मग गाडीकडे वळतो.

सोप्याकडून अवघडाकडे

पहिले काम टेबलाचे. वरचा पत्रा सपाट आणि चौकट काटकोनात असली पाहिजे, कारण पुढची सगळी कामे याच टेबलावर बेतायची आहेत. दुसरे काम बॉडीखालच्या चाकांच्या गाड्याचे, म्हणजे सुटी बॉडी पडवीतून अंगणात ढकलता येईल. तिसरे इंजिन स्टँड. त्यात इंजिन एका बाजूने टांगलेले असते आणि सगळा भार पुढे झुकतो. म्हणून स्टँडचे पुढचे पाय इंजिनच्याही पुढे गेलेले हवेत आणि चाके तीन नव्हे, चार हवीत. फिरता सांगाडा शेवटी.

वेल्डिंगचा सगळा खेळ आकसण्याचा आहे. वितळलेले लोखंड थिजताना आखडते आणि शेजारच्या पाइपला आपल्याकडे ओढते. एक कोपरा पूर्ण भरून मग दुसरा घेतला, तर चौकट वाकडी होणारच. त्यासाठी आधी चारही कोपऱ्यांना फक्त टाके मारायचे. मग टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे नसतील, तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हातोड्याचा ठोका द्यायचा आणि पुन्हा मोजायचे. एकच कोपरा तपासायचा तर एका बाजूला 600, दुसरीला 800 मिलिमीटरवर खूण करायची. दोन खुणांमधले अंतर 1000 भरले की कोन काटकोन. सगळे जुळल्यावर समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून भरायचे.

रॉड 6013 चा घ्यावा. त्यातला 60 हा आकडा जोडाची ताकद सांगतो, चौरस इंचाला साठ हजार पौंड. पुढचा 1 म्हणजे तो आडव्या, उभ्या, डोक्यावरच्या सर्व स्थितींत चालतो. शेवटचा 3 रॉडवरच्या लेपाचा प्रकार सांगतो. रॉडचे टोक कामापासून साधारण रॉडच्या जाडीइतकेच दूर ठेवायचे. अंतर बरोबर असले की कढईत भजी पडावीत तसा सलग आवाज येतो. अंतर वाढले की तो फुटतो आणि शिंतोडे उडतात. जोडावरचा स्लॅगचा थर ठोकून काढल्यावर खाली एकसारख्या लाटा दिसल्या तर जोड बसला. नुसता वर फुगलेला गोळा दिसला तर करंट कमी पडला, जोड आत गेलाच नाही. पहिले दोन-तीन जोड तरी कटिंग व्हीलने मधोमध कापून आतून पाहावेत. वरून देखणा दिसणारा जोड आतून पोकळ निघतो तेव्हा जे कळते, ते नुसते वाचून कळत नाही.

फिरता सांगाडा

याचे दोन खांब असतात, एक गाडीच्या पुढे आणि एक मागे. बंपर जिथे बसतात तिथल्या मजबूत जागांना ब्रॅकेट लावून बॉडी त्यांच्यामध्ये धरायची. सगळी मेख फिरण्याच्या आसाच्या उंचीत आहे. आस बॉडीच्या गुरुत्वमध्यातून गेला पाहिजे. तो खाली राहिला तर बॉडी थोडी कलताच झपकन उलटते. फार वर गेला तर तिरकी केलेली बॉडी झोका घेत परत येते. म्हणून ब्रॅकेट पक्के झाळायचे नाहीत, ओळीने भोके पाडून बोल्टवर वरखाली करता येतील असे ठेवायचे. कोणत्याही कोनात सोडली तरी बॉडी तिथेच थांबली की आस जुळला. तरीही प्रत्येक कोनाला आरपार लॉक पिन हवीच.

सिल कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप टाकून बॉडी आतून बांधून घ्यावी. नाहीतर कापता क्षणी ती मध्ये झुकते आणि पुढे दारे कधीच नीट लागत नाहीत.

वीज, ओल आणि धूर

शंभर अँपिअरवर चालणारे मशीन घरच्या साध्या प्लगवर लावू नये. त्याला वेगळी जाड वायर, 16 अँपिअरचा पॉइंट, स्वतंत्र एमसीबी आणि पक्के अर्थिंग हवे. मशीनवर 60 टक्के ड्युटी सायकल लिहिली असेल, तर त्या करंटवर दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. पावसाळ्यात रॉडचा लेप ओल धरतो आणि जोडात बुडबुडे राहतात. पाकीट डब्यात घट्ट बंद ठेवावे. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून होल्डर हातात धरणे म्हणजे जिवाशी खेळ.

डोळ्यांसाठी 10 किंवा 11 नंबरची काच लागते. गॉगल चालत नाही. नळकामातून उरलेला, जस्ताचा मुलामा दिलेला पाइप फुकट मिळतो, पण जस्त सुमारे 907 अंशांना उकळते, तर लोखंड वितळायला 1500 च्या आसपास जावे लागते. म्हणजे लोखंड वितळण्याआधीच जस्ताचा पांढरा धूर होतो. तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. काळा एमएस पाइपच घ्यावा. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी तिला वेल्डिंग लावू नये. आत उरलेली वाफ पुरेशी असते. गाडीवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरी काढून दूर ठेवावी आणि काम थांबल्यावर अर्धा तास तरी जागा सोडू नये, कारण ठिणगी गादीत किंवा वायरिंगमध्ये धुमसत राहते.

आणखी एक मर्यादा कडक पाळावी. ज्याच्याखाली माणूस जाणार, ते साधन घरी बनवायचे नाही. जॅक आणि त्याला जोड म्हणून लावायची घोडी, दोन्ही खात्रीची, वजनक्षमता कोरलेली विकतच आणावीत. इंजिन उचलण्याचा हॉइस्टही तसाच. घरच्या सांगाड्यावर रिकामी बॉडी फिरवावी, आपला जीव टांगू नये.

कायद्याची बाजू

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांपासून, किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. ते पाहून उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी डिसेंबर 2021 मध्ये तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी 2022 मध्ये ती लोहार यांच्या हाती आली. मराठी कारागिराच्या हाताला मिळालेली ही दाद मोठीच. पण त्याच वेळी महिंद्रांनी हेही सांगितले होते, की ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या रस्त्यावरून थांबवली जाईल.

जुन्या गाडीच्या मालकाने हे मनावर घ्यावे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली खासगी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेले नसावेत. 1970 च्या दशकातल्या पद्मिनी आता या वयात येत आहेत. अशा गाडीवर हात शिकणे म्हणजे तिची किंमत आणि तिचा कागद, दोन्ही धोक्यात घालणे.

म्हणून पहिला हिवाळा साधनांना द्यावा. शिकायला कोणी नसेल तर आयटीआयमध्ये वेल्डर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. हायवेलगतच्या ग्रील-गेटच्या फॅब्रिकेशन दुकानात उभे राहून पाहिले तरी बरेच कळते. सांगाड्याचे जोड बोल्टचे ठेवले, रेड ऑक्साइडचे दोन हात दिले, तर काम झाल्यावर तो सुटा करून भिंतीला लावता येतो आणि ब्रॅकेट बदलून शेजारच्या गाडीलाही चालतो. रोहा-कोलाड पट्ट्यात असा एक सांगाडा चार घरांनी मिळून केला, तर चार गाड्या भंगारवाल्याच्या काट्यावर जाण्यापासून वाचतील आणि चार घरांत वेल्डिंग जाणणारे हात तयार होतील.