उसना कोड आणि मराठी आकडे

मोबाइलसाठी अ‍ॅप तयार करणारा प्रोग्रॅमर दर वेळी कोऱ्या पाटीवर श्रीगणेशा करीत नाही. तारीख लिहिणे, छायाचित्र घेणे, फोन कुठे आहे हे विचारणे, माहिती सर्व्हरकडे पाठविणे ही कामे जवळपास प्रत्येक अ‍ॅपमध्ये येतात. त्यामुळे एकदा नीट चाललेला दहा-वीस ओळींचा कोड जपून ठेवायचा आणि पुढच्या कामात जसाच्या तसा डकवायचा, ही पद्धत सर्वत्र रूढ आहे. अशा तुकड्यांना ‘स्निपेट’ म्हणतात. अमरावतीत १९६४ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. शेतीसाठी अ‍ॅप करावे, ही कल्पना वऱ्हाडातील विद्यार्थ्याला सुचणे साहजिकच होय. मात्र त्याच्या हाती येणारे तुकडे बहुधा मराठी फोन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले नसतात.

समजा, मूर्तिजापूर तालुक्यातील शेतकऱ्याने फोनची भाषा मराठी ठेवली आहे. अ‍ॅपमध्ये त्याने पेरणीची तारीख भरली. अँड्रॉइडमध्ये तारीख किंवा संख्या अक्षरांत उतरविणारा कोड, वेगळी सूचना नसेल तर, फोनच्या भाषेप्रमाणे वागतो. मराठीसाठी ठरलेले अंक देवनागरी आहेत. म्हणून सर्व्हरकडे ‘१५’ देवनागरीतच जाते, आणि इंग्रजी अंकांची वाट पाहणारा सर्व्हर ती नोंद नाकारतो. गंमत अशी, की हिंदीसाठी त्याच प्रमाणकात इंग्रजी अंक ठरलेले आहेत. त्यामुळे इंग्रजी आणि हिंदी या दोन्ही भाषांत तपासलेले अ‍ॅप बिनबोभाट चालते आणि मराठीत अडखळते. शेतकऱ्याला दिसते ते एवढेच, की ‘माहिती जतन झाली नाही’. दोष नेटवर्कचा असेल, असे समजून तो बांधावर फोन उंच धरून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो.

उपाय एका शब्दाचा आहे. सर्व्हरकडे जाणारी तारीख किंवा संख्या तयार करताना ‘लोकेल.रूट’ असे स्पष्ट लिहावे. पडद्यावर दाखवायची तेवढी फोनच्या भाषेवर सोडावी. अँड्रॉइड स्टुडिओ या साधनातील ‘लिंट’ ही तपासणी अशा जागी पिवळी खूण करून सावधही करते. ती खूण वाचण्याची सवय मात्र फार थोड्यांना असते.

दुसरी अडचण काळाची. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घेण्याची पद्धत गावोगावी परिचित केली. तसे अ‍ॅप लिहू पाहणाऱ्याने २०२१ पूर्वीचा ठिकाण विचारणारा तुकडा उचलला, तर फसगत संभवते. त्याच वर्षी आलेल्या अँड्रॉइड १२ पासून वापरकर्ता ‘अंदाजे ठिकाण’ एवढीच परवानगी देऊ शकतो. या अंदाजाचा आवाका सुमारे ३ चौरस किलोमीटर. तेवढ्यात कितीतरी गट क्रमांक येतात!

प्रसिद्ध तुकडाही निर्दोष असेलच असे नाही. आंद्रेआस लुंडब्लाड या प्रोग्रॅमरने २०१० मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोवर फाइलचा आकार सुटसुटीत दाखविणारा कोड दिला. जावा भाषेतील सर्वाधिक नकललेला तुकडा म्हणून पुढे एका संशोधनात त्याची नोंद झाली. त्यात चूक होती. ९,९९,९९९ बाइटचा आकार एक मेगाबाइट न दिसता हजार किलोबाइट दिसे. २०१९ मध्ये लुंडब्लाड यांनी स्वतःच ती जाहीर करून दुरुस्त केली. परंतु तोवर हजारो ठिकाणी गेलेल्या नकला कोण दुरुस्त करणार? म्हणूनच प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर तो कुठून घेतला, केव्हा घेतला आणि अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीवर चालवून पाहिला, हे लिहून ठेवणे अगत्याचे. मूळ लेखकाचे नाव लिहिणे हा तर परवान्याचाच भाग आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवरील मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश बंधनकारक असलेल्या परवान्याखाली येतो. नकाशासेवेची गुप्त किल्ली मात्र साठवणीत कधीही ठेवू नये.

फोन जोडण्याच्या पायऱ्यांचीही अशीच टिपणे करता येतात. सेटिंगमधील ‘बिल्ड क्रमांक’ सात वेळा दाबला, की विकासकांसाठीचे पर्याय उघडतात. तेथे यूएसबी डीबगिंग सुरू करावे लागते. कमी मेमरीच्या संगणकावर नकली फोन रखडत असल्याने प्रत्यक्ष फोन जोडणे केव्हाही सोयीचे. या टिपणात आणखी एक पायरी घालावी: फोनची भाषा मराठी करून अ‍ॅप पुन्हा चालविणे. मग आकड्यांबरोबर नावांचीही परीक्षा होते. नाव चार अक्षरांवर तोडणारा तुकडा ‘अकोला’चे ‘अकोल’ करतो, कारण संगणक काना आणि मात्रा वेगळ्या मोजतो. वर्तुळात नावाचे आद्याक्षर दाखविणाऱ्या कोडमध्ये ‘श्रीकांत’चा नुसता ‘श’ उरतो.