सुवर्णवत्स आणि विलंब

हिब्रू धर्मग्रंथांपैकी ‘निर्गम’ या ग्रंथाच्या ३२व्या अध्यायातील सुवर्णवत्साची कथा परदेवतेच्या पूजेचे उदाहरण म्हणून सामान्यतः सांगितली जाते. मूळ पाठ पाहता हा अर्थ अपुरा वाटतो. कथेचा आरंभ विलंबाने होतो. मोशे सीनाय पर्वतावर ४० दिवस राहिला. तो उतरत नाही असे पाहून लोकांनी आपल्यापुढे चालणारा देव अहरोनाकडे मागितला. वत्स घडविल्यावर अहरोनाने उत्सव घोषित केला, तो यहोवाच्याच नावाने. केवळ सोन्याची आकृती हाच दोष म्हणावा, तर याच ग्रंथानुसार त्याच काळात पर्वतावर मोशेला कराराच्या कोशासाठी दोन सुवर्ण करूब घडविण्याची आज्ञा मिळत होती (२५:१८). उलटपक्षी, गिलगाल येथे मूर्तीचा संबंधच नव्हता. ७ दिवस वाट पाहूनही शमुवेल येईना व सैन्य पांगू लागले, तेव्हा शौलाने स्वतःच होमबली अर्पिला. परिणामी त्याचे राज्य टिकणार नाही, असा निर्णय त्यास ऐकावा लागला (१ शमुवेल १३). यावरून असे दिसते की, या परंपरेत मूर्तिपूजेचे एक मूळ अधीरतेत आहे. देवाच्या मौनाचा काळ असह्य झाला म्हणजे मनुष्य त्याच्या जागी स्वतःच्या हातचे काही ठेवतो.