दिवाळखोरीत तारीख चुकली की पैसे अडकले

म्हैसुरातली एखादी कंपनी दिवाळखोरीत निघाली, तर प्रकरण जिल्हा न्यायालयात येत नाही. ते बंगळुरूच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे चालतं आणि अपील चेन्नईला जातं.

थकबाकी अडकलेल्यांनी आधी जाहीर सूचना शोधावी. ती इंग्रजी आणि स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रांत छापतात, शिवाय नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावरही मिळते. दावा न्यायाधिकरणाकडे नव्हे, तर सूचनेत नाव दिलेल्या अंतरिम व्यावसायिकाकडे (कंपनीचा कारभार तात्पुरता पाहणाऱ्याकडे) करायचा: पुरवठादारांनी 'बी' नमुन्यात, बँकांनी 'सी'त, कामगारांनी 'डी'त. सोबत बिलं, चलनं, पगारपत्रकं जोडावीत.

कार्यपद्धतीकडे दुर्लक्ष बड्यांनाही महागात पडतं. जुलै २०२४ मध्ये क्रिकेट मंडळाच्या सुमारे १५८ कोटींच्या थकबाकीवरून 'बायजूज' या ऑनलाइन शिक्षण कंपनीवर बंगळुरूत दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. ऑगस्टमध्ये चेन्नईच्या अपील न्यायाधिकरणाने तडजोड मान्य केली. पण २३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. प्रकरण मागे घेण्याचा अर्ज अंतरिम व्यावसायिकामार्फतच यायला हवा होता.

अपिलाची मुदत तर फारच तुटपुंजी आहे: ३० दिवस, आणि सबळ कारण असेल तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही. आदेशाची मोफत प्रत येईल म्हणून थांबणाऱ्या एका अपीलकर्त्याला २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलासा नाकारला, कारण मुदत आदेश सुनावल्यापासूनच मोजली जाते. म्हणून वकिलाकडून प्रमाणित प्रतीसाठी लगेच अर्ज करून घ्यावा. प्रत तयार होण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळले जातात.