कृष्णाकाठची सायकल सहल : भीती कशाची धरावी, कशाची नाही

श्रीलंका, बाली, अंदमान अशा बेटांवर पाच-सहा दिवस सायकल चालवायची, सोबत माहितगार माणूस, मागे सामानाची गाडी आणि संध्याकाळी ठरलेला मुक्काम. अशा सहलींच्या जाहिराती पाहून अनेकांना हुरूप येतो आणि लगोलग शंकाही येतात. वय झाले, घाट जमणार नाही, गुडघे कुरकुरतील, ऊन सोसणार नाही. मग बेत तिथेच बारगळतो.

खरे तर अशी सहल करायला विमानात बसायची गरज नाही. महाबळेश्वरहून पसरणीच्या घाटाने वाई, तिथून सातारा, एक दिवस कास पठाराचा, मग कोरेगाव-रहिमतपूर-मसूरवरून कराड आणि पुढे देवराष्ट्रे, किर्लोस्करवाडी, भिलवडी, औदुंबर करत सांगली-हरिपूर. कृष्णेच्या उगमापासून वारणेच्या संगमापर्यंतची ही वाट अडीचशे किलोमीटरच्या आसपास भरते आणि पाच-सहा दिवसांत आरामात होते. अडचण रस्त्याची नाही, समजुतींची आहे. ज्याला घाबरू नये त्याला लोक घाबरतात आणि जिथे खरी काळजी घ्यायला हवी तिथे बेफिकीर राहतात.

गैरसमज १ : हे धडधाकट तरुणांचे काम, आपले नव्हे.

वस्तुस्थिती : हा समज बहुतेक स्पर्धांच्या बातम्यांवरून होतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, तेव्हा महाराष्ट्रभर त्यांचे कौतुक झाले. ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्याही आता ठिकठिकाणी होतात. त्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे असतात, तेही कुणाच्या मदतीशिवाय. सहलीचा हिशोब याहून अगदी निराळा आहे. दिवसाला ४० ते ६० किलोमीटर, वेग ताशी १२ ते १५, मध्ये नाश्ता, देऊळ, नदीचा घाट, जेवण. दमलेल्या माणसाला मागच्या गाडीत बसता येते आणि त्यात कमीपणा काही नाही. गाडी त्यासाठीच ठेवलेली असते.

तयारी मात्र हवी. सहा-आठ आठवडे आठवड्यातून तीन वेळा तासभर आणि रविवारी दोन-तीन तास सायकल चालवली, तर पन्नाशी-साठीतल्या निरोगी माणसालाही हा पल्ला जमतो. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एका दिवशी किती जोर लावता याला सहलीत फारसे महत्त्व नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सीटवर बसावेसे वाटले पाहिजे. म्हणून सरावातही लागोपाठ दोन दिवस सायकल चालवून पाहावी.

गैरसमज २ : बेटे सपाट असतात, साताऱ्यात मात्र नुसते घाट.

वस्तुस्थिती : या समजाच्या दोन्ही बाजू खोट्या आहेत. श्रीलंकेतले नुवारा एलिया १,८०० मीटरहून उंचावर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्याही वर. बालीत तर तीन हजार मीटरचा ज्वालामुखी उभा आहे.

इकडे महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आणि सांगली साडेपाचशेच्या आसपास. नदी ज्या दिशेने वाहते त्या दिशेने निघालात तर सबंध सहलीत आठशे मीटर खालीच यायचे असते. वाईहून पाचगणीला चढायचे म्हटले तर पसरणीचा घाट दम काढतो. त्याच घाटाने उतरणे सहलीचा पहिला दिवस म्हणून सोयीचे. सहलीतला मोठा चढ एकच, साताऱ्याहून कासचा. पंचवीसेक किलोमीटरमध्ये साडेचारशे मीटरच्या आसपास वर जायचे आणि त्यातला दमवणारा भाग म्हणजे सुरुवातीचा यवतेश्वरचा घाट. सातारा हिल हाफ मॅरेथॉनचे धावपटू याच रस्त्याने पळत चढतात.

चढाला ताकदीपेक्षा गिअर लागतो. पुढचे दातेरी चक्र लहान आणि मागचे मोठे, म्हणजे पायाखाली हलके वाटेल असा गिअर चढ सुरू होण्याआधीच टाकावा. चढाच्या मध्यावर जोर देत असताना गिअर बदलायला गेले की साखळी उतरते. चालत सायकल ढकलली तरी चालते, घाट तेवढाच पार होतो.

गैरसमज ३ : चढ कठीण, उतार म्हणजे नुसती मजा.

वस्तुस्थिती : चढावर माणूस दमतो, पण गंभीर अपघाताचा धोका उतारावर जास्त. पसरणीच्या घाटात आंधळी वळणे आहेत, शनिवार-रविवारी पाचगणीच्या गाड्यांची रांग असते आणि पर्यटकांच्या खाऊला सोकावलेली माकडे रस्त्यात येतात. वळणाच्या आतल्या कडेला वाहून आलेली बारीक खडी साचते. सायकलचा टायर तिच्यावर घसरतो.

नियम थोडे, पण पाळायलाच हवेत. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात ब्रेक आवळू नये. दोन्ही ब्रेक वापरावेत, फक्त मागचा दाबला तर सायकल लवकर थांबत नाही आणि चाक सरकते. ब्रेक सतत दाबून ठेवला तर रबर आणि रिम तापतात, म्हणून दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. दोन सायकलींत भरपूर अंतर ठेवावे. घाटात शर्यत नको. कायद्याने सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती नाही, पण हेल्मेटशिवाय कुणालाही सहलीत घेऊ नये.

गैरसमज ४ : हायवे रुंद, म्हणून तोच सुरक्षित.

वस्तुस्थिती : पुणे-बेंगळुरू महामार्ग सातारा आणि कराडला सरळ जोडतो, पण तो जड वाहनांचा रस्ता आहे. सायकलसाठी कोरेगाव, रहिमतपूर, मसूरचा आतला रस्ता बरा. थोडा लांब पडतो, पण वाटेत गावे आहेत, सावली आहे, चहा आहे, पंक्चर काढणारा आहे.

आतल्या रस्त्यांचा धोका निराळा, आणि तो बाहेरून आलेल्याला कुणी सांगत नाही. साखर कारखान्यांचे बॉयलर साधारण नोव्हेंबरात पेटतात आणि मार्चपर्यंत कराड, वाळवा, पलूस भागात उसाची वाहतूक चालू असते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. ऊस फाळक्याच्या बाहेर हातभर आलेला, त्यामुळे ट्रॉली दिसते त्याहून रुंद. मागे लाल दिवा असेलच असे नाही, असला तरी उसाच्या वाढ्यांत झाकलेला. ड्रायव्हरकडे गाणी मोठ्याने चालू, त्यामुळे सायकलची घंटा त्याला ऐकू जात नाही. ट्रॉली बिघडली की टायरमागे मोठे दगड लावतात. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, दगड रस्त्यावरच राहतात. गळून पडलेले कांडे सायकलच्या चाकाखाली आले की गोल फिरते आणि चाक बाजूला फेकते. म्हणून या पट्ट्यात सकाळी उजाडल्यावर निघावे आणि सूर्य मावळायच्या आधी तास-दीड तास मुक्काम गाठावा. अंधारात सायकल चालवू नये, सोबत गाडी असली तरी.

गैरसमज ५ : आपल्याकडे हवामान सगळीकडे सारखेच.

वस्तुस्थिती : महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. जत-आटपाडीकडे तो पाचशेच्या आसपास. सह्याद्रीचा माथा ढग अडवतो आणि पूर्वेला पर्जन्यछाया सुरू होते. त्यामुळे ‘पावसाळ्यात सायकल नको’ हे घाटमाथ्याला लागू पडते, पूर्वेकडच्या माणदेशाला नाही. उलट नदीकाठच्या गावांत पाऊस नसतानाही पूर येतो, कारण पाणी वरून येते. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर सांगलीकर विसरलेले नाहीत. जुलै-ऑगस्टात नदीकाठची सहल ठरवूच नये.

कासची फुले ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. सबंध कृष्णाकाठ पाहायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ऊसवाहतुकीचे भान ठेवून. एप्रिल-मेमध्ये सांगलीकडचे दुपारचे ऊन टाळलेलेच बरे.

गैरसमज ६ : तहान लागली की साधे पाणी प्यायचे, झाले.

वस्तुस्थिती : सातारा-सांगलीही उष्ण कटिबंधातच आहेत, त्यामुळे बेटांवरच्या सायकलस्वाराला सांगतात तेच इथे लागू पडते. घामातून पाण्याबरोबर मीठही जाते. तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी थोडे थोडे घ्यावे. दोन तासांपेक्षा जास्त सायकल चालवायची तर त्यात क्षार हवेत. ओआरएसचे पाकीट, मीठ-साखरेचे लिंबूसरबत किंवा मीठ घातलेले ताक चालते. नुसते साधे पाणी ढोसत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होऊन मळमळ, डोकेदुखी आणि गोंधळलेपणा येऊ शकतो. भूक लागायची वाट न पाहता दर तासाला काहीतरी खावे. केळे, शेंगदाण्याची चिक्की, गुळाचा खडा पुरतो. साताऱ्याचे कंदी पेढे आणि सांगलीचे भडंग वाटेतच मिळतात.

गैरसमज ७ : सायकलने गुडघे झिजतात, आणि मऊ सीट घेतली की दुखणे टळते.

वस्तुस्थिती : सायकलवर शरीराचे वजन सीट पेलते, म्हणून धावण्यापेक्षा गुडघ्यावर ताण कमी पडतो. दुखते ते बहुतेकदा सीट खाली ठेवल्याने किंवा जड गिअर रेटल्याने. पॅडल सर्वांत खाली असताना पाय जवळजवळ सरळ, गुडघ्यात किंचित वाक, ही सीटची योग्य उंची.

जाड, लुसलुशीत सीट पहिल्या तासाला बरी वाटते. नंतर मांस तिच्यात रुतते आणि घासते. बेताची कडक सीट आणि पॅडची सायकल शॉर्ट लांब पल्ल्याला चांगली. शॉर्टच्या आत दुसरे कापड घालू नये आणि ती रोज धुऊन वाळवावी. सायकल भाड्याची असली तरी आपली सवयीची सीट घरून नेता येते, हे फार थोड्यांना सुचते.

गैरसमज ८ : बॅटरीची सायकल म्हणजे लबाडी.

वस्तुस्थिती : २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या ई-सायकलला आपल्याकडे नोंदणी किंवा लायसन्स लागत नाही. नवरा रोज सायकल चालवतो आणि बायकोला सराव नाही, किंवा उलट, अशा जोडप्यांना यवतेश्वरचा घाट ती बरोबरीने चढवते. चार्जिंगची सोय मुक्कामी आहे का, एवढे आधी विचारावे.

गैरसमज ९ : मोबाईलवर नकाशा आहे, मग माहितगार कशाला?

वस्तुस्थिती : नकाशा रस्ता दाखवतो. उसाची वाहतूक कुठे आहे, कुठल्या पुलावर पाणी आले आहे, हे गावची माणसे सांगतात. चांगल्या सहलीत एक जण पुढे, एक जण सर्वांत शेवटी आणि मागे गाडी असते. शेवटच्याच्या मागे कुणीही राहत नाही. पैसे भरण्याआधी विचारा : गाडीत प्रथमोपचार पेटी आणि प्रत्येक मापाच्या ट्यूब आहेत का? रोज जवळचे रुग्णालय कोणते, हे ठरलेले आहे का? विम्यात सायकलिंग धरले आहे का? १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत काय करायचे, हे कुणाला शिकवले आहे का? उत्तर अडखळत आले तर दुसरा आयोजक पाहा.

कासवरही माहितगार लागतो. जागतिक वारसा यादीत २०१२ साली आलेल्या या पठारावर कातळावर मातीचा पातळ थर आहे आणि त्यातच साडेआठशेहून अधिक प्रकारच्या सपुष्प वनस्पती वाढतात. हंगामात शुल्क आणि माणसांची मर्यादा असते, म्हणून जागा आधी नोंदवावी. सायकल हलकी असली तरी चाक फुलांत घालायचे नाही, डांबरावरच ठेवायचे.

गैरसमज १० : इकडे पाहण्यासारखे काय आहे?

वस्तुस्थिती : मोटारीतून जाणाऱ्याला हे वाटणे साहजिक आहे. सायकलवर मात्र मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर थांबता येते. तिथली घंटा चिमाजी अप्पांच्या वसई विजयानंतर आलेली, तिच्यावर १७०७ हे साल आहे. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, तिथेच यशवंतराव चव्हाणांची समाधी. पुढे देवराष्ट्रे हे त्यांचे जन्मगाव आणि शेजारी सागरेश्वर अभयारण्य.

किर्लोस्करवाडीला तर सायकलस्वाराने मुद्दाम उतरावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावात झाली, ती सायकलींच्या दुकानातून. औंध संस्थानच्या आधाराने १९१० मध्ये ते या माळावर आले आणि गाव उभे राहिले.

शेवटी हरिपूर. इथली माती पाणी झिरपू देत नाही, म्हणून हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. वरून माणूस जेमतेम उतरेल एवढेच तोंड, आत पोट मोठे. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत, आतली हवा कोंदट झालेली असते, ती निघून जाऊ देतात. २००५ च्या पुरात पुष्कळ पेवे निकामी झाली, पण जाणती माणसे अजून आहेत आणि विचारले तर आपुलकीने सांगतात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे या गावाचे ज्ञान आहे.

सुरुवात लहान करावी. वाईतून मेणवली आणि धोम धरणापर्यंत एका सकाळी जाऊन या, दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकलवर बसा. पाय, सीट आणि पाणी या तिन्हींचा अंदाज त्यात येईल. ते जमले की सांगलीपर्यंतचा पल्ला तुमच्या आवाक्यात आहे. बेटांवर पुढे कधी गेलात तर तिथेही हीच शिस्त उपयोगी पडेल : चढाला हलका गिअर, उताराला संयम आणि अंधाराआधी मुक्काम.