भूत आणि जानकीदास

शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावर एसटीशी चढाओढ करणारी एखादी पोरगी उद्या सायकलच्या जागतिक स्पर्धेत उतरू शकेल? पायांत जोर आहे, पण नुसत्या जोरावर तिथं कुणी उभं करत नाही! नाव पाठवते ती देशाची संघटना, आणि ती संघटनाही जागतिक महासंघाची सदस्य असावी लागते. जन्मभर शेत कसा, सात-बाऱ्यावर नाव नसेल तर काय उपयोग?

मग भारताचा सात-बारा कुणी काढला?

जर्मनांची राष्ट्रीय सायकल संघटना १८८४ची. जागतिक महासंघ पॅरिसला १९०० साली जन्मला. आणि आपण? १९३८ साली सिडनीच्या ब्रिटिश एम्पायर गेम्समध्ये भारताचा सायकलपटू होता एकच, जानकीदास. सोबत व्यवस्थापक म्हणून मुंबईचे सोहराब भूत. एक चालवणारा, एक सांभाळणारा, झाला संघ!

याच दोघांनी १९४६ साली राष्ट्रीय सायकल महासंघ उभारला. पुढचं ऐका. त्याच वर्षी दोघं झुरिकला पोचले, जागतिक महासंघाचं सदस्यत्व मिळवलं आणि तिथल्याच जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत भारताचे सायकलपटू उतरलेसुद्धा. स्वातंत्र्याला अजून वर्ष होतं!

पण सदस्यत्व मिळालं म्हणजे काम संपलं असं नाही. सायकलची ट्रॅकवरची शर्यत म्हणजे काय चीज असते, ठाऊक आहे? वळणावर जमीन इतकी तिरकी की वेग कमी पडला तर घसरून खाली. सायकलला ब्रेकच नाही. चाक फिरतंय तोवर पायडलही फिरणारच. वेग कमी करायचा तर पायांनीच उलटा जोर लावायचा. असा खेळ शिकायला ट्रॅक हवा, प्रशिक्षक हवा, परदेशी जायला भाडं हवं. ते जमवणाऱ्याला पदक मिळत नाही. मला तर मोठं नवल याच माणसांचं वाटतं.

झुरिकनंतर दोनच वर्षांनी, १९४८च्या लंडन ऑलिंपिकला, भारताचा सायकल संघ हजर! रुसी मुल्ला फिरोज, आदी हवेवाला, जहांगू अमीन... नावं वाचतानाच पारशी मंडळींचं सायकलवेड कळतं.

आणि जानकीदास? त्यांना तुम्ही बहुधा पाहिलंय. जुन्या हिंदी सिनेमांत छोट्या-मोठ्या भूमिका करणारे जानकीदास ते हेच!

आज पुण्याच्या बालेवाडीत सायकलसाठी ट्रॅक आहे. तेव्हा घरात सायकलवेडी पोर असेल, तर नवी सायकल घेण्याआधी जिल्हा सायकल संघटनेचा पत्ता काढा.