सर्वांचा पक्ष, कोणाचा पक्ष?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली स्थापिलेला स्वतंत्र मजूर पक्ष जातीच्या नव्हे, श्रमाच्या पायावर उभा होता. कोकणातील खोतीविरुद्ध त्याने कुळांना एकत्र आणले. १९३८ च्या संपात कम्युनिस्टांना साथ दिली. परंतु १९४२ च्या क्रिप्स योजनेत अशा पक्षाला स्थान नव्हते. त्याच वर्षी नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन करावे लागले.

अहेरीत हाच पेच निराळ्या रूपाने दिसतो. माडिया, गोंड, तेलुगू, मराठी आणि पुनर्वसित बंगाली अशी येथील वस्ती. स्वतंत्र विदर्भाची मागणी या साऱ्यांना सामावू शकणारी. ती घेऊन लढलेल्या नाग विदर्भ आंदोलन समितीला १९९५ साली विधानसभेच्या २८८ जागांपैकी एक मिळाली. पण तिचे बळ मागणीपेक्षा आत्राम राजघराण्याच्या वलयात होते. २०१४ साली त्या घराण्याचे अंबरीशराव भाजपतर्फे निवडून आले.

दोष केवळ नेत्यांचा नव्हे. सर्वाधिक मते मिळविणारा एकच उमेदवार निवडून येतो, तेथे विखुरलेल्या मतांना मोल नसते. घराणे वा जमात मते एकवटते. विचार ती पसरवितो. मत वाया जाईल या भीतीने सहानुभूतीदारही दूर सरतो.

म्हणून अशा पक्षांनी आरंभ विधानसभेपासून नव्हे, ग्रामसभेपासून करावा. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू आणि तेंदूचा भाव ठरविताना कोणी कोणाची जात विचारीत नाही. समान हिताची ही सवय रुजेल, तरच समान विचाराला मते मिळतील.